हवेवर उभी गाडी

दादरहून पुण्याला जाणाऱ्या शिवनेरीत खड्डे फारसे जाणवत नाहीत. तिचा भार पोलादी पाट्यांवर नसून हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर असतो. असे फुगे आता महागड्या मोटारींतही असतात. आपल्या घरांतली कितीतरी मुले गॅरेजमध्ये काम शिकतात, म्हणून हे टिपण.

अशी गाडी आपली उंची स्वतःच राखते. जॅकवर असतानाही ती फुग्यांत हवा भरते किंवा सोडते. गाडी हलते, जॅक निसटतो आणि सारे वजन खाली येते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, उरलेल्या चाकांना ठोकळे लावा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उंची राखणारी यंत्रणा बंद करा. नट जमिनीवरच थोडे ढिले करा. जॅक ठरलेल्या जागीच लावा. गाडी उचलली की लोखंडी घोडी लावून वजन तिच्यावर उतरवा. मगच चाक काढा. मडगार्डमध्ये हात घालू नका, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

गिऱ्हाईक घाई करणारच. पण घोडी लागल्याशिवाय उस्तादाने शागिर्दाला चाक काढू देऊ नये, आणि शागिर्दानेही ती मागायला लाजू नये.