कोणासाठी, हे विचारू नये

पदर आणि बाजार : येवलेकर

पैठणीच्या दुकानात गादीवर बसून मला २२ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मालकांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, एकटा पुरुष साडी घ्यायला आला तर ‘कार्यक्रम कोणता’ विचारायचं, ‘बजेट किती’ विचारायचं, पण ‘कोणासाठी’ कधीच विचारायचं नाही. त्याची पंचाईत होते आणि आपली साडी राहते. दुसरी, पैठणी नुसती पसरून ठेवायची नाही. पदर आपल्या खांद्यावर घ्यायचा, निऱ्या कमरेशी धरायच्या आणि सरळ उभं राहायचं.

बाहेरगावच्या माणसाला गंमत वाटते, पण येवल्यात हे रोजचं आहे. मिशीवाला, पोट सुटलेला बाप्या पदर खांद्यावर टाकून उभा असतो आणि समोरच्या चार बायका गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, ‘मुनिया छान आहेत, पण काठ जरा बारीक हवा होता.’ हसत कोणी नाही. तिकडे मागावर बसलेला माणूसही कधी दोन-दोन महिने, कधी त्याहून जास्त, एकाच साडीवर धोटा फेकत असतो. रेशीम त्याच्या बोटांना कळतं, अंगाला कधी लागत नाही.

मागच्या महिन्यात या सदरात बालगंधर्वांच्या शालूंवर लिहिलं. त्यावर एक फोन आला. आवाज कोवळा, पण बोलणं नेमकं. ‘काका, साडीचं समजलं. टोप कुठून घ्यायचा?’

‘नाटकासाठी का?’ मी विचारून बसलो. २२ वर्षांचा धडा एका वाक्यात पुसला.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, ‘नाही काका. माझ्यासाठी.’

मुलगा तालुक्यातलाच, नोकरी करणारा. कधीतरी, घर रिकामं असलं की साडी नेसतो, आरशात बघतो, घडी घालून ठेवून देतो. यासाठीचा शब्दही त्यानंच मला सांगितला : क्रॉसड्रेसर. ‘मला बाई व्हायचं नाही, मी जो आहे तो ठीक आहे. पण साडी नेसली की बरं वाटतं. केस आखूड असले की सगळं अर्धवट दिसतं.’ तृतीयपंथी ओळख ही वेगळी बाब आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली निकाल दिला, २०१९ साली कायदा झाला. या मुलाला कुठलीही नोंद नको, दाखला नको. त्याला एक टोप हवा आहे आणि तो घेताना खोटं बोलायला लागू नये, एवढंच.

टोपाची लाज वाटावी असा आपला इतिहास नाही. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा म्हणून उभे राहत, तेव्हा प्रेक्षक जीव ओवाळून टाकत. १९०५ साली त्याच मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, शकुंतला झाले. पुढे १९११ च्या ‘मानापमान’मध्ये भामिनी, १९१९ च्या ‘एकच प्याला’मध्ये सिंधू. घरंदाज बायका त्यांच्यासारखा खोपा घालत, त्यांच्यासारखं नेसत. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त ते पुरुषवेशात एकनाथ झाले, पण लोकांच्या मनात बसली ती भामिनीच.

त्याच महाराष्ट्रानं गणपत पाटलांना काय दिलं? तमाशापटांतला नाच्या त्यांनी असा उभा केला की तसा दुसरा झाला नाही. घरी बायकामुलं असलेला हा माणूस, पण पडद्यावरची चाल लोकांनी त्याच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली. तिकीट काढून पाहिलं तर कला आणि फुकट दिसलं तर चाळे, असा आपला हिशेब आहे. त्या मुलाजवळ तर नाट्यगृहही नाही, एक खोली आहे आणि तिला आतून कडी आहे.

तर आता टोप. मला यातलं कळतं ते एका फजितीमुळे. तरुणपणी गणेशोत्सवाच्या नाटकात माझ्याकडे बाईची भूमिका आली. टोप एका ड्रेसवाल्याकडून भाड्यानं आणला होता. त्याला आधीच्या दहा जणांच्या घामाचा वास येत होता, म्हणून मी तो कढत पाण्यात, साडीच्या साबणानं घासून धुतला आणि गच्चीवर उन्हात वाळत घातला. संध्याकाळी हातात आलं ते सुतळीचं भेंडोळं. अनामत गेली, आणि प्रयोग डोक्यावर पदर घट्ट ओढून केला.

म्हणून सांगतो, पहिल्यांदा घेताना आधी डोकं मोजा. शिंप्याचा टेप कपाळावर केस सुरू होतात तिथून कानांच्या वरून मानेच्या खळगीपर्यंत आणि परत कपाळाशी आणायचा. साडेएकवीस ते साडेबावीस इंच हे मधलं माप. पुरुषांचं डोकं बऱ्याचदा तेवीसच्या घरात जातं, त्यांनी मोठा आकार मागावा. आतल्या पट्टीनं टोप थोडा सैल-घट्ट होतो, पण लहान टोप मोठा होत नाही. तो डोक्यावर चढतो आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं.

सिंथेटिक टोप हजार-दोन हजारांतही मिळतो आणि धुतल्यावर आपल्या मूळ वळणावर परत येतो. पहिल्यांदा तोच बरा. फक्त त्याला आगीचं वैर आहे. गॅसची शेगडी, कुकरची वाफ, केस सरळ करायचं यंत्र, कशाचीच धग लागू द्यायची नाही. नवा टोप प्लॅस्टिकसारखा चकाकत असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर हातावर चोळून वरवर फिरवावी, मग झटकून टाकावी. रंग काळाकुट्ट घेऊ नये. आपल्या भुवया बघाव्यात आणि त्यांच्या जवळचा काळपट तपकिरी निवडावा. कपाळावर थोडी झुलपं असलेला टोप घेतला तर पुढची कडही झाकते आणि पुरुषी कपाळही. आत आपले केस दाबून बसवणारी पातळ जाळीची टोपी घालावी, म्हणजे टोप सरकत नाही आणि घाम त्या टोपीत जिरतो.

खऱ्या केसांचा टोप दहा हजारांच्या पुढे सहज जातो. तो घ्यायचाच असेल तर एक प्रश्न विचारा : केस रेमी आहेत का? म्हणजे सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला आहेत का? केसावर माशाच्या खवल्यांसारखा थर असतो. उलटसुलट केस एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि टोपाचा गुंता होतो.

हे केस येतात कुठून? माझी आजी विंचरून झालं की गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचायची. केसांवर भांडी देणारा फेरीवाला आला की पिशवीभर गुंतवळीवर एखादी वाटी पदरात पडायची. ही गुंतवळ अर्थातच उलटसुलट, त्यामुळे तिच्यावर रसायनांची प्रक्रिया करावी लागते. तिरुपतीला नवस फेडताना उतरवलेले लांब केस मात्र एका दिशेनं बांधता येतात, म्हणून देवस्थानाच्या लिलावात त्यांना भाव येतो. आपल्याच गावच्या कुणाचा नवस फिरून फिरून कुणाच्या तरी डोक्यावर बसत असेल. बायकांच्या गंगावनातही परक्याचेच केस असतात आणि ते वेणीत गुंफताना कोणी ओशाळत नाही.

निगा पैठणीसारखीच, फार लाड नाहीत पण हयगयही नाही. दहा-पंधरा वेळा घालून झाला की धुवायचा. आधी मोठ्या दातांच्या फणीनं टोकापासून वर सरकत गुंता सोडवायचा. बादलीभर थंड पाण्यात झाकणभर सौम्य शॅम्पू घालून टोप बुडवून ठेवायचा. चोळायचा नाही, पिळायचा नाही. स्वच्छ पाण्यातून काढून पंच्यात दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. ओल्या टोपाला फणी लावायची नाही. मानेजवळच्या केसांचा शर्टाच्या कॉलरला घासून सगळ्यात आधी गुंता होतो, तिथे रोज लक्ष द्यायचं. वाळला की उलट्या तांब्यावर ठेवायचा आणि वर मलमलचं फडकं टाकायचं. पैठणी आपण मलमलमध्येच ठेवतो आणि जर एका घडीवर मोडू नये म्हणून अधूनमधून घडी बदलतो. या गावाला निगा शिकवावी लागत नाही.

शिकवायचं आहे ते वेगळंच. त्या मुलानं ऑनलाइन मागवायचं ठरवलं, पण पार्सल घरी आलं तर आई उघडणार आणि कुरिअरवाला गल्लीतलाच. शेवटी तो नाशिकला जाऊन दुकानात उभा राहिला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, ‘कोणासाठी?’ तो म्हणाला, ‘नाटकासाठी.’ त्या खोट्यामुळे त्याला माप घेता आलं नाही, घालून बघता आलं नाही. टोप आला तो लहान. पैसे गेले, डोकं दुखलं आणि दुसरा घ्यावा लागला.

दुकानदारांनो, मी तुमच्यातलाच आहे. टोप घेणारा केमोथेरपीनंतरचा रुग्ण असेल, टक्कल पडलेला नवरदेव असेल, नाटकवाला असेल नाहीतर हा मुलगा असेल. चौघांनाही माप, आरसा आणि पडदा लागतो. यातलं काहीही देण्यासाठी त्यांची कहाणी ऐकावी लागत नाही. गिऱ्हाईकाचं माप घ्यावं, त्याचा जबाब घेऊ नये.

गेल्या आठवड्यात तो दुकानात आला. टोप घातलेला नव्हता, साधी पँट आणि शर्ट. जांभळी पैठणी आवडली. सवयीनं मी पदर माझ्या खांद्यावर घ्यायला उचलला आणि थांबलो. त्याच्या खांद्यावर ठेवला. तो आरशासमोर उभा राहिला, निऱ्या कमरेशी धरून, अगदी व्यवस्थित. माझ्याच छातीत धडधडत होतं, कारण शेजारी लग्नाच्या खरेदीला आलेलं अख्खं कुटुंब बसलेलं.

त्यातल्या बाईंनी त्याला नीट निरखलं आणि म्हणाल्या, ‘अहो दादा, हीच हिरव्यात आहे का?’

नवीन सेल्समन समजल्या होत्या त्या त्याला. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘आहे ताई. काढायला सांगतो.’