लसीच्या पेटीतलं औषध शाळेतही हवं

माझा धाकटा चार वर्षांचा आहे. त्याला शेंगदाण्याची आणि कोळंबी-जवळ्याची ॲलर्जी आहे. आम्ही राहतो पेणला, मुलांचं आजोळ रोह्याला. या भागात ज्याचं बालपण गेलं, त्याला यातली अडचण लगेच कळेल. सकाळच्या पोह्यांत दाणे, उपासाच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वांग्याच्या रश्शात कूट. मे महिन्यात ओटीवर नाहीतर गच्चीवर वाळणारी सुकट, आणि पावसाळ्यात भाजी महागली की घरोघरी जवळा. ज्या अन्नावर आम्ही वाढलो, तेच घरातल्या एका लेकराला बाधतं.

ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणं, दोन दिवस खाज सुटते आणि जातं, असं बहुतेकांना वाटतं. गेल्या गणपतीत शेजारच्या आळीत आम्ही आरतीला गेलो होतो. खिरापतीत काय काय आहे हे बायकोने विचारून घेतलं होतं. खोबरं, खारीक, खडीसाखर, खसखस. पण दुसरी ताटली वेगळ्या घरून आली होती आणि तिच्यात भाजलेले दाणे भरडून घातले होते. एका आजींनी मायेने त्याच्या तोंडात चिमूटभर घातली. पाच-सात मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. मग तो ओकला. मग घोगरा, कोरडा खोकला सुरू झाला. सतत बडबडणारं पोर एकदम गप्प झालं आणि आईच्या खांद्यावर मान टाकून पडून राहिलं. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या गप्प होण्याची.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरांनी एक शब्द न बोलता मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं, मग आम्हाला बसायला सांगितलं. थोड्याच वेळात त्याचा श्वास मोकळा झाला, चेहऱ्यावर रंग आला, आणि त्याने पाणी मागितलं. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो म्हणून ती रात्र रुग्णालयात काढली. सकाळी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावं असं आहे: खाज थांबवणारं सिरप खाज थांबवतं. सुजलेला घसा, आवळलेला श्वास, पडलेला रक्तदाब यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे ॲड्रिनॅलिनच लागतं, आणि ते लवकर लागतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझी शाळा रोहा तालुक्यात, डोंगराकडच्या एका वाडीत आहे. त्या रात्रीपासून एकच प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हेच माझ्या शाळेतल्या एखाद्या मुलाला, डबा खाताना झालं तर?

अन्नाच्या ॲलर्जीने झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमध्ये एक अभ्यास झाला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, खाल्ल्यापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ साधारण ३० मिनिटांचा निघाला. आमच्या वाडीतून रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचायचं, तर आधी गाडी मिळायला हवी. १०८ ला फोन लागायला रेंज मिळायला हवी. आणि तिथून पुढे अलिबाग किंवा पनवेलला न्यायची वेळ आली, तर ज्या मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, त्याची इतक्या वर्षांची कथा वाचकांना मी सांगायला नको. ३० मिनिटांत आमच्याकडे कुठे पोचता येतं, याचा प्रत्येक शिक्षकाने आपापल्या गावापुरता हिशेब करून पाहावा.

‘हे शहरातल्या मुलांचे आजार, आपल्या गावात कुठे असतं असलं काही’, हे मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकलं आहे. त्यात तथ्य थोडं आहे. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अन्नाची खरी ॲलर्जी असण्याची दाट शक्यता तिथे ०.१४ टक्के मुलांत दिसली, म्हणजे हजारात एक-दीड. त्याच पाहणीत हाँगकाँगची मुलंही होती, त्यांच्यात हे प्रमाण दीड टक्का होतं. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, हे खरंच. पण एका जिल्ह्यातल्या अंगणवाड्या आणि शाळा मिळून मुलं किती असतात, याचा विचार केला तर हजारात एक हा आकडा लहान राहत नाही.

याच आकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथेही मुलांचंच नुकसान होतं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई एक दिवस कागद घेऊन आली. कुठल्याशा लॅबने रक्त तपासून ॲलर्जीची भली मोठी यादी दिली होती. दूध, अंडं, गहू, तूरडाळ, वांगं, केळं, आणखी बरंच काही. तक्रार काय होती, तर पोरीला सर्दी वारंवार होते. कागद बघून आईने निम्मं अन्न बंद केलं होतं आणि पोरगी वाळत चालली होती. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. खाल्ल्यावर काय झालं, किती वेळात झालं, दर वेळी होतं का, हे आधी विचारायचं असतं. तपासणी त्यानंतर. शंका उरली तर तज्ज्ञ डॉक्टर रुग्णालयात, डोळ्यांसमोर, तो पदार्थ थोडा थोडा खायला घालून खात्री करतात. त्या आईला मी आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मुलगी आता शाळेतली खिचडी खाते, अंडं खाते. अशा सरसकट याद्या देणारा धंदा कोणीतरी आवरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

भीतीपोटी बाळाला सगळंच उशिरा द्यायचं, हाही उपाय नव्हे. लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ज्यांना शेंगदाण्यापासून पाच वर्षं दूर ठेवलं, त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के मुलांना दाण्याची ॲलर्जी झाली. ज्यांना तान्हेपणापासून नियमित, बाळाला गिळता येईल अशा रूपात दिला, त्यांच्यात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास राहिलं. बाळाला आधीच मोठा इसब असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. बाकीच्या घरांत आपल्या आज्या बाळाला घरातलंच सगळं मऊ करून चाटवत आल्या, त्यात शहाणपण होतं.

आजी-आजोबांवर सगळं ढकलून मोकळं होण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. माझ्या सासऱ्यांचंच बघा. जानेवारीत रोह्याला शेतावर पोपटी लागते. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ-ओवा, आणि मडक्याभोवती पेटवलेला पेंढा. काही जण मडक्यात भुईमुगाच्या शेंगाही टाकतात. सासरे पाला अंथरण्याआधी स्वतः मडकं धुतात, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, ‘शेंगा आणल्या असतील तर पिशवी गाडीतच ठेवा’, आणि मडकं भरून होईपर्यंत तिथून हलत नाहीत. नातू मग भाऊबंदांच्या पंगतीत बसून बिनधास्त खातो. एका माणसाने मनावर घेतलं की किती सोपं होतं.

पेणमध्ये एका ताईंकडे आम्ही पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यायला गेलो होतो. बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘वहिनी, पापडात दाणे नाहीत. पण मी त्याच मिक्सरात दाण्याची चटणी काढते. बाळासाठी नका नेऊ.’ हातातलं गिऱ्हाईक त्यांनी सोडलं. त्यांचं हे उत्तर मला कुठल्याही छापील लेबलापेक्षा मोलाचं वाटतं. पाकीटबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, कोळंबीसारखे कवचवाले जीव, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं वगैरे असल्यास ते लिहिण्याचं बंधन २०२० च्या लेबल नियमांत आहे. माझी थोरली आठ वर्षांची, ती पुडा हातात आला की आधी मागची बारीक अक्षरं वाचते आणि मगच भावाला देते. पण सुटा फरसाण, बेकरीची नानखटाई, हलवायाचा लाडू, लग्नातलं जेवण यांच्यावर लेबल नसतं. तिथे माणसाने खरं सांगणं एवढंच संरक्षण आहे. ‘माहीत नाही’ हेसुद्धा आमच्यासाठी चांगलं उत्तर असतं. ‘थोडं खाल्ल्याने काही होत नाही’ हे उत्तर जिवावर बेततं.

म्हशीचं दूध द्या, शेळीचं द्या, हा सल्ला दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांच्या आयांना हमखास मिळतो. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की त्यातल्या बहुतेक बाळांना तिन्हींचा त्रास होतो. सल्ला देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दिलासा असा की दूध आणि अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते. दाण्याची आणि कोळंबीची बहुधा जात नाही.

शाळेत तर हा विषय कधी निघतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय केला. तेव्हा गावोगाव चर्चा झाली ती शाकाहार-मांसाहाराची. अंड्याची ॲलर्जी असलेलं मूल त्या चर्चेत कुठेच नव्हतं. अंडं मुलांना मिळायलाच हवं, या मताचा मी आहे. पण आमच्या प्रवेश अर्जात जात, धर्म, आधार क्रमांक असं सगळं असतं, आणि ‘या मुलाला कोणतं अन्न बाधतं?’ हा प्रश्न नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, मुलांचं वजन-उंची, दात, डोळे, कान, हृदय तपासतं. त्यांच्या कार्डावर हा एक प्रश्न वाढवायला किती खर्च येणार?

औषधाचं म्हणाल, तर ते आमच्या वाडीत येतंच. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका अंगणवाडीत येते, तेव्हा लशीची तीव्र रिॲक्शन आलीच तर वापरायला तिच्यासोबत एक किट असतं. त्यात ॲड्रिनॅलिनची ॲम्प्युल आणि सिरिंज असते, वयानुसार किती द्यायचं याचा तक्ता असतो. पहिला डोस स्नायूत देऊन मुलाला पुढे पाठवण्याचं प्रशिक्षण तिला दिलेलं असतं. ॲम्प्युल स्वस्त आहे, तिला फ्रिज लागत नाही, ऊन-उजेडापासून जपली की पुरे. परदेशात आईबाप पर्समध्ये बाळगतात ती स्वयंचलित इंजेक्शनं आपल्याकडच्या औषध दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून तर ही साधी ॲम्प्युल आणि ती देता येणारा माणूस यांचं मोल फार आहे. लशीमुळे श्वास कोंडला तर वापरायचं औषध दाण्याने श्वास कोंडल्यावरही तेच आहे. मग ते लसीकरणाच्या दिवसापुरतंच का?

स्वस्त औषध वेळेवर दिलं तर काय होतं, हे रायगडला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट मुलं त्यांच्यासमोर दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून पाहिली. शंभरात चाळीसच्या घरात असलेले मृत्यू एकावर आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते सगळं याच जिल्ह्यातल्या एका सरकारी केंद्रातून सुरू झालं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि शिक्षण विभागांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. प्रवेश अर्जात आणि अंगणवाडीच्या नोंदवहीत अन्नाच्या ॲलर्जीचा रकाना असावा. उपकेंद्रात ते किट रोज हाताशी असावं, आणि अन्नाच्या ॲलर्जीतही ते वापरण्याचा लेखी आदेश सेविकांना असावा. ज्या मुलाला तीव्र ॲलर्जी आहे हे डॉक्टरांनी लिहून दिलंय, त्याच्या शाळेतल्या दोन शिक्षकांना तरी इंजेक्शन द्यायला शिकवावं आणि तशी परवानगी द्यावी. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, अंगणवाडीच्या मदतनिसांना लक्षणं ओळखायला शिकवावं. ओठ सुजणं, ओकारी, घोगरा आवाज, मूल एकाएकी मलूल होणं. अशा मुलाला उभं करून चालवू नये, आडवं झोपवावं, श्वास घेता येत नसेल तर टेकवून बसवावं, हे एका तासाच्या प्रशिक्षणात सांगता येतं.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते, दुपारी वर्ग मोकळे असतात. विभागाने प्रशिक्षणाची तारीख कळवावी. आसपासच्या शाळांतले शिक्षक आणि अंगणवाडीच्या ताई जमवण्याची जबाबदारी मी घेतो.