गच्चीवरचं विमान

निफाड तालुक्यातल्या ओझरला मिग, सुखोई ही लढाऊ विमानं जोडली गेली. पण कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाचं काय करायचं, हे यंत्रणेला लवकर उमगेना. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मिरवलं; नोंदणी २०१७ साली, उड्डाणाची परवानगी थेट २०१९ मध्ये. ‘एकाच्या हौसेपायी इतरांच्या जिवाला घोर कशाला?’ हा आक्षेप रास्तच. म्हणून तर अमेरिकेत अशी विमानं आधी दाट वस्तीपासून दूर ठरावीक तास उडवून पारखतात, भाड्याने प्रवासी नेऊ देत नाहीत, दरवर्षी तपासणीही होते. ती करण्याचं प्रमाणपत्र मुख्य बांधणाऱ्यालाही मिळू शकतं. ही काही सवलत नव्हे. उदाहरणार्थ, जुन्या धाटणीच्या विमानाचे लाकडी पंख कापडाने मढवलेले असतात. निफाडसारख्या हवेत लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं; आतला चिकटवलेला सांधा सुटतो आणि वरचं कापड मात्र ताठच दिसतं. कुठे टकटक करून पाहायचं, हे सांधा बसवणाऱ्याला जितकं ठाऊक, तितकं कागद तपासणाऱ्याला कुठून असणार? आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) तपासणी हवी तितकी कडक ठेवावी. फक्त अर्जाचा निकाल किती दिवसांत लागेल, तेवढं लिहून द्यावं.