फुलपाखराचे अर्धे चरित्र

मराठी कवितेतील फुलपाखरू बहुधा फुलावरच भेटते. त्याचे पान कोणते, असा प्रश्न वाचक म्हणून आपल्याला सहसा पडत नाही. तो पडायला हवा, असे आम्हांस वाटते. कारण फुलपाखराचे आयुष्य फुलावर नव्हे, पानावर सुरू होते आणि त्यासाठी कोणत्याही झाडाचे पान चालत नाही.

परभणीच्या मळ्यांतले लिंबू फुलपाखरूच घ्या. त्याची मादी लिंबू, मोसंबी, बेल, कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळे अंडे घालते. काळ्या रानातली बावचीही तिला चालते. तीन-चार दिवसांत निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. कात टाकत ती हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते. पुढे रेशमी धाग्याने स्वतःला फांदीशी बांधून कोश करते. अनुकूल हवेत हे सारे साधारण महिन्याभरात आटोपते.

१९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे शिकवल्या जाणाऱ्या शास्त्राच्या भाषेत हा जीव 'पाने खाणारी अळी', म्हणजे कीड. ते खोटे नाही. रोपवाटिकेतली कलमे ती निष्पर्ण करते. काव्यभाषेत मात्र तोच जीव सौंदर्याचे प्रतीक. एका चरित्राचे असे दोन तुकडे झाले आणि ते जोडण्याचे काम कुणाचेच उरले नाही.

आपल्या परंपरेला अळी अपरिचित नाही. कीटकभृंगन्यायात ती भृंगाच्या ध्यासाने भृंग होते. प्रत्यक्षात कुंभारीण माशी अळीला आपल्या पिल्लांचे अन्न म्हणून घरट्यात कोंडते. दृष्टान्ताचे मोल त्याने उणावत नाही. पण जी अळी स्वतःच्या बळावर खरोखर रूप पालटते, तिच्याकडे आपली प्रतिभा क्वचितच वळली.

२०१५ साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉर्मॉन'ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबूकुळातल्याच झाडांवर पोसते. पंखांचा गौरव करायचा आणि पानाला विसरायचे, ही रसिकता अपुरी आहे.

बागायतदाराने रोपांवरच्या अळ्या वेचाव्यात, हे रास्तच. बांधावरची बावची तेवढी राहू द्यावी. आणि फुलपाखरावरची कविता शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकदा कढीपत्त्याच्या झाडाजवळ न्यावे, शेंड्याची पाने न्याहाळायला सांगावे. कवितेचे वाचन तिथूनही सुरू होऊ शकते.