विषयांची निवड आणि टक्क्यांचा मोह

धान्याच्या व्यापारातील पहिला धडा असा की, माल कोणास द्यावयाचा हे आधी ठरवावे आणि मग खरेदीस हात घालावा. पोळीसाठी शरबती गहू मागणारे गिऱ्हाईक निराळे आणि रवा-दलियासाठी आमच्या माळव्यातील कठिया गहू मागणारे निराळे. केवळ भाव उतरला म्हणून वखार भरणाऱ्यास पुढे गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागते. हा धडा आपणां व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. तथापि दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे विषय ठरविताना आपल्यापैकी पुष्कळ घरांत तो विसरला जातो, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

निकाल हाती पडताच घरात चर्चा होते ती एवढीच की, कोणत्या विषयांत टक्के अधिक पडतील. वाणिज्य शाखा तर बहुधा ठरलेलीच असते. मग कोणी आप्त सुचवितो की गणित सोडून द्यावे, त्याऐवजी एखादा सोपा विषय घ्यावा. मुलगी असेल तर ‘तिला गणित काय करावयाचे?’ असाही प्रश्न सहज केला जातो. पाच मिनिटांत निर्णय होतो. त्याचा परिणाम मात्र दोन वर्षांनी, प्रवेशाचा अर्ज भरताना दिसू लागतो.

दिल्ली विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. 2022 सालापासून तेथील पदवीचे प्रवेश केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेवरून होऊ लागले. तेथे अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी गणित किंवा उपयोजित गणित आवश्यक आहे, आणि व्यवस्थापनाच्या पदवीसाठीही तीच अट आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. स्टॅट. करावयाचे तर बारावीस गणित व इंग्रजी हे दोन्ही विषय हवेत. बारावीस गणित नसलेल्या विद्यार्थ्याचे टक्के नव्वदाच्या वर असले, तरी ही दारे त्यास उघडत नाहीत.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. आमच्या इंदुरातील भारतीय व्यवस्थापन संस्थेने 2011 साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्म अभ्यासक्रम सुरू केला. त्यास कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, हे वाचून पालक निश्चिंत होतात. परंतु त्या प्रवेशपरीक्षेच्या तीन भागांपैकी दोन भाग गणिताचे आहेत! सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेतही असेच आहे. शाखेची अट नाही. पण चार प्रश्नपत्रिकांपैकी शंभर गुणांची एक व्यावसायिक गणित, तर्क व सांख्यिकी यांचीच असते. म्हणजे नियमांत जे मागितलेले नाही, ते परीक्षेत मागितले जाते. दोन वर्षे गणितास स्पर्श न केलेल्या मुलास मग शिकवणीचा भुर्दंड सोसून ते नव्याने शिकावे लागते.

प्रत्येकाने गणितच घ्यावे, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. ज्यास वकिली करावयाची आहे, त्यास राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेसाठी विशिष्ट विषयांचे बंधन नाही. त्याने इतिहास, राज्यशास्त्र, भाषा मनापासून वाचाव्यात. ज्यास वैद्यकाकडे जावयाचे आहे, त्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र टाळता येत नाही. आणि ज्यास गणित खरोखरच जड जाते, पण व्यापाराकडे ओढा आहे, त्याच्यासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2020 सालापासून अकरावीस उपयोजित गणित हा वेगळा विषय ठेवला आहे. मात्र अभियांत्रिकी मनात असेल, तर नेहमीचे गणितच घ्यावे. सारांश, आधी इच्छित अभ्यासक्रमाची अट वाचावी, मग त्याच्या परीक्षेचे स्वरूप पाहावे, आणि टक्क्यांचा हिशेब सर्वांत शेवटी मांडावा. अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले यावर न विसंबता, त्या संस्थेची चालू सालाची माहितीपुस्तिका स्वतः पाहावी.

ह्या टक्क्यांच्या मोहास आपल्या व्यापारी संस्थाही थोडाफार हातभार लावतात, हे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. गुणवंतांचा सत्कार होतो तो टक्क्यांवर, शिष्यवृत्ती मिळते ती टक्क्यांवर, आणि स्मरणिकेत छायाचित्राखाली आकडा छापला जातो तोही टक्क्यांचाच. अवघड विषय घेऊन ब्याऐंशी टक्के मिळविणारी मुलगी, सोपे विषय घेऊन एक्क्याण्णव मिळविणाऱ्या मुलाच्या मागे बसते. मुले हे पाहतात आणि त्यातून योग्य तो बोध घेतात! मग त्यांस दोष कसा द्यावा?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. एक, सत्कार व शिष्यवृत्तीच्या यादीत गुणांबरोबर विषयही छापावेत, आणि शिष्यवृत्ती देताना विषयांचा कठीणपणा विचारात घ्यावा. दुसरी, अकरावीचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी दरवर्षी एक दिवस पालक व मुले यांना एकत्र बसवून निरनिराळ्या अभ्यासक्रमांच्या अटी वाचून दाखवाव्यात. त्यास खर्च सतरंजी आणि चहाचा. एक गोण खराब निघाली तर व्यापारी ती तोट्यात विकून मोकळा होतो. सोळाव्या वर्षी चुकीचे विषय घेतलेल्या मुलास ती सोय नसते.