‘रोड’वर थांबलेला भंडारा

भंडारा जिल्ह्याच्या रेल्वे नकाशाकडे पाहिले की एक शब्द पुनःपुन्हा डोळ्यांत भरतो. भंडारा रोड, तुमसर रोड, पवनी रोड. रेल्वेच्या परिभाषेत ‘रोड’ याचा अर्थ एवढाच की, गाव येथे नाही, येथून गावाकडे जाणारा रस्ता आहे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले भंडारा शहर हावडा-मुंबई या देशाच्या प्रमुख लोहमार्गापासून सुमारे दहा किलोमीटर दूर राहिले आणि स्थानक वरठीला झाले. तुमसरला निदान शाखामार्गावर शहराचे स्वतःचे स्थानक तरी आहे.

या रचनेचे मूळ पारतंत्र्यात आहे. 1882 साली नागपूर-राजनांदगाव हा मीटर गेज मार्ग सुरू झाला, 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला व पुढे हावड्याशी जोडला. धान्य, कोळसा आणि खनिज बंदराकडे नेणे ही त्या आखणीमागची मुख्य प्रेरणा होती. तुमसर-तिरोडी मार्ग चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज पट्ट्यातून गेला तोही योगायोगाने नव्हे. परक्या सत्तेने असे करावे यात नवल नाही. नवल हे की, स्वराज्यातही आखणीचा तो क्रम पुरता पालटला नाही. 2022 साली कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेवरील प्रवासी गाड्या मोठ्या संख्येने रद्द झाल्या. वीजकेंद्रांना कोळसा हवा, हे कोणीही नाकारणार नाही. पण दरवेळी बाजूला उभी राहायची ती गाडी शिकायला, नोकरीला किंवा रुग्णाला घेऊन नागपूरला निघालेल्या सामान्य माणसाचीच का असावी? त्याच वर्षी डिसेंबरात नागपूर-बिलासपूर वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली आणि भंडारा रोडवरून न थांबता पुढे गेली.

दरम्यान नागपूर बदलले आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी मेट्रोचा पहिला टप्पा पूर्णत्वास गेला. दुसऱ्या टप्प्याचे सुमारे 44 किलोमीटरचे जाळे कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि भंडारा रस्त्यावरील कापसीपर्यंत जायचे आहे. भंडाऱ्याहून येणारा माणूस मात्र कापसीत राहत नाही. तो तेथून चाळीस-पन्नास किलोमीटर अलीकडे, मौदा ओलांडून, वैनगंगेच्या काठी राहतो. महानगराचे नियोजन एका हद्दीवर संपते, महानगराची ओढ मात्र संपत नाही. मग तरुण नागपुरात खोली घेऊन राहू लागतो आणि गावात म्हातारे आईवडील व धानाची शेती मागे उरते. शहर फुगते, जिल्हा ओस पडतो. वाहतुकीचा प्रश्न अशा रीतीने समाजरचनेचा प्रश्न होतो.

यावरचा उपाय कोणाला सुचला नाही, असेही नाही. जुलै 2018 मध्ये रेल्वे मंत्रालय, राज्य शासन व महामेट्रो यांच्यात ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला. नवे खांब उभारायचे नाहीत, असलेल्या रुळांवरूनच वातानुकूलित जलद गाड्या वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत धावायच्या, अशी ती साधी, काटकसरीची आणि म्हणूनच शहाणपणाची कल्पना होती. त्यानंतर वर्षे उलटली, घोषणांमध्ये आणखी शहरांची नावे वाढत गेली, पण वरठीच्या फलाटावर ती गाडी लागलेली नाही. ज्या जिल्ह्याने 22 एप्रिल 1988 ला गोसीखुर्दची कोनशिला पाहिली आणि 372 कोटींच्या त्या धरणाचा खर्च व मुदत पुढे कुठवर गेली तेही पाहिले, त्याला आश्वासनांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अडचण खरी आहे. भरगच्च मार्गावर नवी गाडी घुसवायला जागा नाही. राजनांदगाव-नागपूर 228 किलोमीटरचा तिसरा मार्ग त्यासाठीच महत्त्वाचा. परंतु त्याचा सगळा लाभ मालवाहतुकीने गिळला, तर प्रवाशाच्या पदरी पुन्हा फलाटावरची प्रतीक्षाच येईल. अमृत भारत योजनेत भंडारा रोड व तुमसर रोड यांचा समावेश झाला, हे स्वागतार्हच. मात्र सुशोभित दर्शनी भाग म्हणजे गाडी नव्हे.

आणि ते दहा किलोमीटर? वरठीहून जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसाठी भंडाऱ्याजवळून एकेकाळी रूळ टाकले गेले होते. कारखान्यासाठी जे सुचले, ते शहरासाठी कोणाला सुचू नये? त्या पट्ट्यावर एखादी हलकी गाडी चालू शकेल काय, याचा तांत्रिक अभ्यास तरी व्हावा. तो होईपर्यंत प्रत्येक गाडीच्या वेळेशी बांधलेली एसटी, एवढे तर उद्यापासून करता येते. त्याला ना भूसंपादन लागते, ना दिल्लीची मंजुरी. लागतो तो महामंडळाचा आगारप्रमुख आणि स्थानकप्रमुख यांच्यातला तासाभराचा संवाद. तिसऱ्या मार्गानंतर नवे वेळापत्रक आखले जाईल, तेव्हा सकाळी आठ ते दहाच्या वेळेत नागपूरला पोहोचणाऱ्या गाड्या आधी लिहून मग मालगाड्या मांडाव्यात, ही मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आताच, पक्षभेद विसरून, बिलासपूरच्या मुख्यालयात नोंदवायला हवी.