पहिलीतली दाढ

ऐन दिवाळीत दातांच्या किडीवर लिहायचे म्हणजे पंगतीत बसून पथ्य सांगण्यासारखे. तरी आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या अंकाने हा विषय टाळू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाने इथल्या कित्येक घरांचे दिवस पालटले. त्याच प्रवरा परिसरात, लोणीला, पुढे ग्रामीण दंत महाविद्यालयही निघाले. योगायोगच, पण बोलका.

मूल पहिलीत जाते त्या सुमारास, सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही. घरचे तिला दुधाचीच समजतात, 'पडायचीच आहे' म्हणून किडीकडे काणाडोळा करतात. ती मात्र जन्माची सोबतीण. पुरती वर यायला तिला वर्षभर लागते. तोवर शेजारच्या दाढांपेक्षा खाली असल्याने ब्रश तिच्यावरून नुसताच जातो. माथ्यावरच्या खाचा तर ब्रशच्या केसाहूनही बारीक. शंकरपाळ्याचा चिकट भुगा त्यांत बसला, की जंतू साखरेचे आम्ल करायला मोकळे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती चिकटून राहिली, याने जास्त फरक पडतो, हे स्वीडनमधल्या विपेहोल्मच्या प्रयोगांनी १९४५ नंतरच्या काही वर्षांत दाखवले. (ते प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांना न विचारता झाले, ज्ञान वापरताना हेही विसरू नये.) तेव्हा लाडू-अनारसे जेवणाबरोबर खुशाल खावेत, दिवसभर डब्यात हात नको.

या खाचा किडण्याआधीच बुजवता येतात. दाढ साफ करून, आम्लाचा लेप काही सेकंद लावून, धुऊन-सुकवून वर पातळ राळ सोडायची आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करायची. सुई नाही, ड्रिल नाही. दाढ अर्धवट वर आलेली असेल, लाळेमुळे कोरडी राहत नसेल, तर ग्लास आयनोमर सिमेंट बोटाने दाबून बसवतात. त्याला वीजही लागत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट आणि फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात होण्याजोगे हे काम आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याच्या पथकाच्या तपासणीत दातही येतात. पण तपासून चिठ्ठी देणे वेगळे आणि दाढ बुजवणे वेगळे. चिठ्ठी घेऊन तालुक्याला जायचे तर आईचा रोज बुडतो. त्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पथक हिवाळ्यात आले, तर ती पटावर असतात, वर्गात नसतात. साखर ज्यांच्या कोयत्यावर उभी आहे, नेमकी त्यांचीच मुले हुकतात.

म्हणून पहिली-दुसरीच्या, आणि बाराव्या वर्षी पुढची दाढ येते म्हणून सहावी-सातवीच्याही, दाढा जून ते सप्टेंबरमध्येच शाळेत बुजवल्या जाव्यात. लोणी आणि संगमनेरच्या दंत महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी धाडावेत. सिमेंटचा खर्च कारखान्यांनी उचलावा. गळीत हंगामाच्या हिशेबात तो दिसायचाही नाही.